तुमच्या नावाची जाहिरात

अहो, तुम्हाला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा लखनौमधल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सायकल थांबवून विचारलं, "कौन गुज़र गया, भाई?" आपल्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं, "अरे वही, दाद-खाज वाले साहब। टीवी वाले।" विचारणारा "अच्छा, अच्छा" म्हणाला, त्यानं हात जोडले आणि तो निघून गेला.

मी दारात उभी होते. नागपूरहून तुमचे भाऊ नुकतेच पोचले होते, तेही शेजारीच होते. त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. आली ती लाज. कानाच्या पाळ्या तापल्या, मान खाली गेली. भावजींनी नंतर हळूच विचारलं, "वहिनी, टीव्हीचं काय म्हणत होता तो?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही घरातून गेलात आणि तुमच्याबद्दल मी बोललेलं पहिलं वाक्य हे होतं. काही नाही.

तेव्हापासून मनात तुमच्याशी बोलतेय. ते आज लिहून काढते.

आधी ते दिवस सांगते, जे आठवले की अजून बरं वाटतं. मला टायफॉइड झाला होता, आठवतं? आपली नीलू तेव्हा शाळेत होती. मला अन्नाचा वास सहन होत नव्हता आणि डॉक्टरांनी मऊ भात सांगितला होता. तुम्ही बँकेतून यायचात, पँटवरच स्वयंपाकघरात शिरायचात आणि ताटली घेऊन माझ्या कॉटसमोर उभे राहायचात. कधी भाताचं गाणं म्हणायचात, साबणाच्या जाहिरातीतल्या बायका म्हणतात तसं, गिरकी घेऊन. कधी माझी पांढरी शाल पांघरून डॉक्टर व्हायचात आणि गंभीर आवाजात सांगायचात की दहापैकी नऊ डॉक्टर याच भाताची शिफारस करतात, दहावा रजेवर आहे. कधी दोन शेजारणी व्हायचात, दोन्ही आवाज तुमचेच. "अय्या, तुझा नवरा इतका तजेलदार कसा गं?" मग तोंड वाकडं करून, गाल आत ओढून 'पहले', आणि एक घास स्वतःच खाऊन, छाती फुगवून 'बाद में'. मी हसले की तुम्ही घास भरवायचात. मी त्या भातावर नाही, तुमच्या जाहिरातींवर बरी झाले.

तुम्हाला मालिकांचं काही नसायचं. मध्येच जाहिराती लागल्या की मी आणि नीलू उठायचो आणि तुम्ही पुढे सरकून बसायचात. नटाला खरं काम इथेच, म्हणायचात. एवढ्याशा वेळात माणूस उभा करायचा, त्याला अडचणीत टाकायचं आणि बाहेरही काढायचं. गाण्याची जाहिरात, गोष्टीची जाहिरात, दोन चादरी शेजारी वाळत घालून एक पिवळी दाखवायची ती तुलनेची, सिनेनटीची, कार्टूनची. सगळ्यांच्या नकला तुम्हाला यायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकाच्या दोन अंकांमध्ये तुम्ही त्या करायचात, आणि लोक नाटकापेक्षा त्यांचीच वाट बघायचे.

म्हणूनच सक्सेना तुमच्याकडे आला. निशातगंजात त्याची एक खोली होती. साड्यांची दुकानं, कोचिंग, मिठाईवाले, सगळ्यांच्या केबलवरच्या जाहिराती तो तिथेच बनवायचा. मंडळात कुणीतरी त्याला तुमची नक्कल दाखवली होती. नायट्यावरच्या, इथले लोक ज्याला दाद म्हणतात त्यावरच्या, एका मलमाची जाहिरात करायची होती. त्या मलमाचं नाव मी इथेही लिहिणार नाही, त्याची अजून जाहिरात कशाला?

गोष्ट त्यानं छान सांगितली होती. तुम्ही किराणा दुकानदार. खाजेनं हैराण, एका हातात तराजू आणि दुसरा हात पाठीवर. गिऱ्हाइकं पळून जातात. मग मलम, मग दुकानासमोर रांग. तुम्ही पंधरवडाभर आरशासमोर खाजवण्याचा सराव केलात. हसू नका, तुम्ही खाजवण्याचे प्रकार पाडले होते. निळ्या चौकड्यांचा शर्ट मीच काढून दिला. बँकेत असल्यामुळे मानधन घेता येणार नव्हतं, तर म्हणालात, "पैसे कुणाला हवेत? गंमत म्हणून करतोय."

परत आलात तेव्हा खुशीत होतात. बोलता बोलता फक्त म्हणालात, "शेवटी त्यानं एक शूटिंग आणखी घेतलं. खुर्चीवर बसवून, सरळ कॅमेऱ्यात बघून, नाव सांगून. म्हणाला, रेकॉर्डसाठी ठेवतो." मी पोळ्या लाटत होते. मी हं म्हटलं असेन.

महिन्याभरानं संध्याकाळच्या सिनेमाआधी ती जाहिरात लागली, तेव्हा आपण तिघंही समोर बसलो होतो. दुकान नव्हतं, तराजू नव्हता. एक साधी खुर्ची आणि तुम्ही, घामेजलेले, थोडे थकलेले, अगदी तुमच्यासारखे. "मैं मनोहर देशकर। बरसों से दाद-खाज से परेशान था। बहुत इलाज किया। फिर ये मलहम लगाया। आज मैं चैन से सोता हूँ।" आणि खाली मोठ्या अक्षरांत तुमचं नाव, आणि 'बैंक कर्मचारी, अलीगंज'.

नीलू म्हणाली, "पापा, ये तो आप सच में बोल रहे हैं।"

तुमचा अभिनय चांगला झाला होता, हेच वाईट झालं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूचं सगळं मी कधी सांगितलं नाही. कामवाली तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला लागली. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं काम सोडलं असतं. मी शिकवते त्या शाळेत, नववीच्या वर्गात, भूगोलाचा नकाशा टांगायला वळले की मागून कराकरा खाजवल्याचे आवाज यायचे. एक मुलगी तर चेहरा अगदी निरागस ठेवून म्हणाली, "मैम, मेरे नाना जी पूछ रहे थे, सर को सच में आराम है?" बँकेत लोक तुमच्या हातून पासबुक घेताना ते कोपऱ्याला धरतात, हे तुम्ही मला हसत सांगितलंत. ते हसू तुमच्या नकलांमधलं होतं, ते मला कळलं.

त्याच सुमारास झाशीचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं, नीलूला पसंत. त्याचे काका लखनौमध्येच, महानगर नावाच्या वस्तीत राहायचे आणि त्यांच्याकडेही तीच केबल. झाशीहून फोन आला, आडून आडून. अंगावर काही चट्टे वगैरे? घराण्यात कुणाला? मी स्वतः काकांच्या घरी गेले आणि सांगितलं की हे नाटकात काम करतात, हेही एक नाटकच, आजार कधी झालेलाच नाही. काका हसले, चहा पाजला. "अहो, मग असं सांगा ना! नट आहेत म्हणायचे." झाशीचा होकार पक्का झाला. साखरपुड्याची बोलणी झाली. घरी येताना मी रिक्षातून उतरून मारुतीला नारळ फोडला.

त्याच आठवड्यात जरीना बँकेत आली.

ते तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलंत, पायातले बूटही न काढता. चौक नावाच्या जुन्या वस्तीत मलमलीवर चिकनचं भरतकाम करणारी बाई, बरोबर तिची बहीण. शिपायाला विचारत होती, "वो दाद वाले साहब कहाँ बैठते हैं?" सगळी शाखा हसली. ती तुमच्या काउंटरशी आली आणि तिनं दुपट्ट्यातून हात बाहेर काढले. बोटांच्या मधली कातडी सोलून निघाली होती, लाल, ओली. आधी थोडी खाज होती, मलम लावल्यावर असं झालं. सुई धरता येत नव्हती. ती भांडायला आली नव्हती. ती विचारायला आली होती की आपलं काय चुकतंय. "साहब, आपको कितने दिन में आराम हुआ था? हमारा तो बढ़ता ही जा रहा है। आप साथ में कुछ और भी लगाते थे क्या?"

तुम्ही तिला सांगितलंत की मला कधी दाद झालीच नाही.

ती म्हणाली, "तो फिर टीवी पर आपका नाम काहे लिखा था?"

हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत होतात, उत्तर माझ्याकडे असल्यासारखं. मग म्हणालात, मी केबलवर जाऊन खरं काय ते सांगणार.

त्यावर आपण जे भांडलो, ते भांडण अजून संपलेलं नाही. माझ्याकडून तरी नाही. मी म्हटलं, सक्सेनाला सांगून जाहिरात बंद करवा. तुम्ही म्हणालात, सांगितलं, तो हसला. म्हणाला माल चाललाय. मी म्हटलं, मग थोडं थांबा. साखरपुडा होऊ द्या. आत्ताच झाशीच्या लोकांना पटवून आलेय, आता तुम्ही चारचौघांत उभे राहून 'मी खोटं बोललो' म्हणालात तर ते काय समजतील?

"अगं, रोज संध्याकाळी मी सांगतोय लोकांना ते लावायला. माझ्याच तोंडानं."

"ती जाहिरात आहे. जाहिरातीवर कोण विश्वास ठेवतं?"

"जरीनानं ठेवला."

"एका बाईनं."

"जी आली ती एक. बाकीच्यांना माझी शाखा कुठे ठाऊक आहे?"

मग तुम्ही बूट काढलेत आणि शांतपणे बोललात. तुमची ती वाक्यं मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली आहेत. म्हणालात, "गाण्याच्या जाहिरातीत खोटं असतं ते सगळ्यांना कळतं. पांढरा कोट घातलेला माणूस नट आहे, हेही हल्ली लोकांना कळतं. सिनेनटी तो साबण लावत नाही, हे तर आपली कामवालीसुद्धा सांगेल. ते खेळ आहेत. पण हा साधा माणूस, घाम आलेला, नाव-गाव सांगणारा, याच्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण तो त्यांच्यातलाच आहे. मी नट म्हणून बसलो आणि साक्षीदार म्हणून उठलो गं. खोटी साक्ष दिली मी."

मी म्हटलं, "मग द्या खरी साक्ष. पण पोरीचं लग्न मोडून देऊ नका."

नीलू आतल्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, ती तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट इस्त्री करत होती.

केबलवाल्या बबलूनं लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणून त्याच्या दुकानातच तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तो नंतर मला म्हणाला होता, "आंटी, अंकल ने एक ही बार में बोल दिया। मैंने पूछा, अंकल, ये ऐड है कि ऐड का उल्टा?" संध्याकाळी सिनेमाआधी तो ते लावणार हे मला माहीत होतं. मी मुद्दाम स्वयंपाकघरात राहिले, नळ सोडून ठेवला. पण गल्लीत सगळीकडे तीच केबल होती. तुमचा आवाज वर्मांच्या घरातून आला, समोरच्या मिश्रांच्या बाल्कनीतून आला, मागच्या गॅरेजमधून आला, एकाच वेळी. "मैं मनोहर देशकर। मुझे दाद कभी नहीं हुई। मैंने वो मलहम कभी नहीं लगाया। मैंने झूठ बोला था। जिनको तकलीफ़ है, डॉक्टर को दिखाइए।" मग कुठूनतरी हसण्याचा मोठा आवाज आला.

बाहेरच्या खोलीत तुम्ही मान खाली घालून बसला होतात. तुम्हालाही लाज वाटत होती, मला दिसत होतं. तरी तुम्ही ते केलंत. मी तुमच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि आत गेले.

झाशीचा फोन लगेच आला. काकांनी कळवलं होतं. आम्हाला असा गाजावाजा झेपणार नाही, म्हणाले. कालपर्यंत आजार नसल्याचं ऐकून त्यांना बरं वाटत होतं, आणि आज तेच तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तर तो गाजावाजा झाला. सक्सेना फाटकाशी येऊन ओरडून गेला की तुम्ही त्याचं मार्केट खराब केलंत. बबलूनं ती जाहिरात काढली, पण दुसऱ्या भागांतल्या केबलवर ती पुढे कितीतरी दिवस चालू होती, असं लोक सांगायचे. म्हणजे काही ठिकाणी तुम्ही बरे झालेले होतात आणि काही ठिकाणी खोटारडे. आणि शाळेत आता नवीन गंमत. वर्गात कुणी उत्तर चुकलं की मागून आवाज यायचा, "मैंने झूठ बोला था।"

पुढच्या गणपतीत तुम्ही मंडळात उभे राहिला नाहीत. कुणी आग्रहही केला नाही. घरात टीव्ही लागायचा, जाहिराती लागायच्या, आणि आता तुम्हीही आमच्यासारखे उठून जायला लागलात. आपण सगळं बोलायचो, भाज्यांचे भाव, बदली, नागपूरचं घर. फक्त हे नाही. मी मनात म्हणायचे, यांनी आधी माझं ऐकायला हवं होतं. तुम्ही मनात काय म्हणत होतात? मी विचारलं नाही. मग एके सकाळी तुम्ही दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून खाली बसलात, आणि विचारायचं राहूनच गेलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

वर्षाच्या आत कार्य झालेलं बरं, म्हणून भावजींनी ग्वाल्हेरचं एक स्थळ सुचवलं. गेल्या रविवारी मुलगा आणि त्याची आई येऊन गेली. या वेळी मी ठरवलं होतं की बाहेरून कळण्याआधी आपणच सांगायचं. पोह्यांच्या बशा हातात दिल्या आणि सगळं सांगून टाकलं. दुकानदाराची गोष्ट, खुर्ची, नाव, जरीना, दुसरी जाहिरात, झाशी. सांगताना माझी नजर त्यांच्या तोंडाकडे गेली नाही, मी टीपॉयवरच्या विणलेल्या रुमालाकडे बघत होते. शेवटी म्हटलं, "असं आहे आमचं. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या, पण फसवणूक नको."

मुलाच्या आईनं पोह्यांचा घास घेता घेता विचारलं, "आणि त्या बाईचे हात? बरे झाले का?"

अहो, मला उत्तर माहीत नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही बूट न काढता मला ते हात सांगितले होतेत, सोललेली कातडी, ओली बोटं, आणि मी त्यावर साखरपुड्याचं बोलले. नंतरच्या सगळ्या दिवसांत, आपण ताटाला ताट लावून जेवत असताना, मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की तिला सुई धरता येते का. ग्वाल्हेरची एक परकी बाई पोहे खाता खाता पहिल्या फटक्यात विचारून बसली.

उत्तर नीलूनं दिलं. मराठीत. तुम्ही इतकी वर्षं मागे लागलात आणि ती हिंदीतच बोलत राहिली. त्या दिवशी अडखळत, पण मराठीत बोलली. "उजवा हात बरा झाला. डाव्या हाताची दोन बोटं अजून… सुन्न रहती हैं। पण काम करते ती. पापा आणि मी तिला मेडिकल कॉलेजला न्यायचो, मंगळवारी. बहुत टाइम तक."

मंगळवारी तुम्ही बँकेतून उशिरा यायचात. नीलूचा तेव्हा टायपिंगचा क्लास असायचा. असं मला सांगितलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

ती बशा गोळा करत होती. "आपने कभी पूछा नहीं, आई।" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, "अब तो बस कभी-कभी जाते थे, हालचाल पूछने। उनको पता भी नहीं होगा पापा का।"

काल आम्ही दोघी चौकात गेलो. रिक्षा गोल दरवाजापाशी सोडली आणि नीलू पुढे, मी मागे. तुमची पोर त्या गल्ल्यांमधून डोळे मिटून चालावं तशी चालत होती. एका जिन्याखालच्या खोलीत चार-पाच बायका मलमलीवर वाकून बसल्या होत्या. त्यांतली एक नीलूला बघून उठली. माझ्यापेक्षा लहान निघाली, मी उगीच म्हातारी समजत होते. मी पहिल्यांदा तिचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत कातडी अजून गुळगुळीत, चकचकीत होती.

नीलूनं माझी ओळख करून दिली. तिनं लगेच चटई झटकून मला जागा दिली, बहिणीला चहाला पाठवलं, मग आमच्या मागे जिन्याकडे बघून विचारलं, "साहब नहीं आए?"

मी सांगायला तोंड उघडलं. नीलूनं माझा हात धरला, आणि सांगितलं मीच. म्हटलं, "साहब नहीं रहे। सावन में।"

जरीनानं मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं आणि ती रडायला लागली. तोंड न झाकता, मोठ्यानं, आपल्या माणसासाठी रडतात तशी. बाकीच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. त्यांच्यापैकी एकीनं हळूच विचारलं, "कौन?" जरीना रडता रडता म्हणाली, "देशकर साहब। नीलू के अब्बा।"

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. लोकांना वाटत होतं मी धीराची आहे. मी धीराची नव्हते, मला नुसती लाज वाटत होती, आधी तुमची, मग माझी. मी त्या चटईवर तिच्याजवळ सरकले. तिनं त्याच हातांनी माझे दोन्ही हात धरले, आणि मी रडले.